रावेरातले गलबत

आमच्या रावेरच्या घरात, बैठकीच्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटावर एक गलबत उभे आहे. लांबीला हातभर, पुढची डोलकाठी मोठी, मागची अगदी किरकोळ, आणि मोठ्या काठीवर एकच तिकोनी शीड. घरी पहिल्यांदा येणारा माणूस ते पाहून दोन प्रश्न हमखास विचारतो. "सर, कोकणातून आणले का?" हा पहिला, आणि थोडे निरखून पाहिल्यावर, "सर, ही एक दोरी सुटली आहे, बांधू का?" हा दुसरा. दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेच आहे. पण नुसते 'नाही' म्हटले की पाहुण्याचे समाधान होत नाही आणि चहा येईपर्यंतचा वेळही भरून निघत नाही. म्हणून म्हटले, एकदा सगळी हकीकत लिहूनच टाकावी.

रावेरचा आणि समुद्राचा काडीइतकाही संबंध नाही. मुंबई इथून रेल्वेने पाचशे किलोमीटरांच्या आसपास. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधे जिकडे पाहावे तिकडे केळी. वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, तेव्हा ओल्या टॉवेलाखेरीज दुसऱ्या कशात पाणी असते यावर विश्वास बसत नाही. अशा गावात मी वीस वर्षे मराठी शिकवतो आहे. या वीस वर्षांत वर्गात मी किती वेळा शिडे उभारली, किती वेळा सुकाणू हाती घेतले आणि किती नौका वादळात लोटल्या, याची मोजदाद नाही. आपल्या भाषेत दर्याचे शब्द पुष्कळ. नवे काम सुरू झाले की आपण गलबत हाकारतो, कुठे स्थिरावलो की नांगर टाकतो. आणि हे सारे मी मोठ्या आवाजात समजावून सांगत असे. शीड नेमके कशाला बांधलेले असते, हे मला कोणी विचारले नाही आणि मीही स्वतःला कधी विचारले नाही.

ते विचारणारा माणूस आमच्या घरात आला तो दिवाळीनंतर. हा माणूस म्हणजे आमचे सासरे.

आमचे सासर विजयदुर्गचे. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांचे वडील मचव्यावर तांडेल होते. आबांनी मात्र मुंबई गाठली आणि गोदीत दोरखंडाच्या कामावर सारी उमर काढली. जाड दोर ओढणे, तुटलेला सांधणे, दोराच्या टोकाला फासा विणणे ही त्यांची विद्या. निवृत्त होऊन ते गावी गेले. सासूबाई वारल्या आणि घरात ते एकटे राहिले. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सौ.ने हट्टाने त्यांना रावेरला आणले.

खरे सांगायचे तर आमचे आणि आबांचे कधी फारसे जमले नव्हते. भांडण नव्हते, पण बोलणेही नव्हते. लग्न ठरवताना त्यांनी म्हटले होते म्हणे, "पाण्यावाचूनच्या मुलखात पोर दिली." हे वाक्य कोणी तरी माझ्या कानावर घातले आणि मी ते अठरा वर्षे जपून ठेवले. ते मला 'जावयबापू' म्हणत, मी त्यांना 'आबा' म्हणे, आणि या दोन शब्दांच्या पलीकडे आमचा संवाद हवापाण्यावर येऊन थांबे. रावेरात हवापाण्यावर तरी किती बोलणार? हवा गरम आणि पाणी एक दिवसाआड.

आबांना इथे करमेना. ते पहाटे उठून ओट्यावर बसत आणि केळीने भरलेले ट्रक जाताना ऐकत. दुपारी खाटेवर पडून छताकडे पाहत. सौ. त्यांच्यासाठी मासळी शोधायला जीव टाकी, पण इथली नदीची मासळी ते दोन घास खाऊन बाजूला सारत. माघात एके दिवशी त्यांनी आपली पत्र्याची ट्रंक भरली आणि मला म्हणाले, "जावयबापू, तिकीट काढा."

मी तोंडाने म्हणालो, "असे काय करता, आबा? तुमचेच घर आहे." आणि त्याच रात्री मोबाईलवर वैभववाडीपर्यंतच्या गाड्या पाहिल्या. मुंबईहून पुढचे आरक्षण मिळत होते. ही गोष्ट मी आजवर सौ.लाही सांगितलेली नाही. आता ती हा अंक हाती आल्यावर वाचील आणि मग माझी दिवाळी कशी जाते ते पाहायचे.

तिकीट मात्र काढले गेले नाही. त्याला कारण आमचे चिरंजीव. अकरावीत असून ज्याच्या हातून मोबाईल सुटत नाही, असा हा मुलगा. पण आजोबांनी ट्रंक भरताना तिच्या तळातून एक लाकडाचा तुकडा काढला आणि चिरंजिवांनी तो पाहिला. सागाच्या ओंडक्यातून कोरलेला गलबताचा सांगाडा होता तो. आबांनी गावी असतानाच तो कोरला होता. पुढे निमुळती नाळ, मधे रुंद पोट, सगळे अगदी रेखीव. मग डोळे गेले आणि काम राहिले. "आजोबा, आपण पुरे करू," चिरंजीव म्हणाले. आजोबा म्हणाले, "लाकडाचे काम सोपे. दोऱ्यांचे कोण करणार? तुला गाठ येते?"

चिरंजिवांना बुटाचीही गाठ येत नाही. ते काम आमच्या गळ्यात पडले.

या कामाची मला मुळीच कल्पना नव्हती. जहाजाची प्रतिकृती म्हणजे लाकूड कोरायचे, रंग द्यायचा आणि शोभेला चार दोरे ताणायचे, असा माझा समज. म्हणून पहिल्या रविवारी मी मोठ्या उत्साहाने बसलो. मोबाईलवर एका जुन्या इंग्रजी जहाजाचे चित्र काढले. त्यात डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना जाळीदार शिड्या होत्या, खलाशी वर चढतात तशा. मला त्या फार आवडल्या. मी तीन तास खपून काळ्या दोऱ्याच्या दोन शिड्या विणल्या, डिंकाने चिकटवल्या आणि आबांना हाक मारली.

आबांनी डोळे मिटले आणि बोटांनी चाचपून पाहिले. आबा मुंबईत राहून आमच्यासारखेच बोलायला शिकलेले, पण राग आला की मालवणी बाहेर पडते. "ह्यां खंयचा?" ते म्हणाले.

मी म्हणालो, "जहाजाचे."

"विलायती जहाजाचा. आमच्या गलबताक ह्यां नसता. काप."

'काप' हा एकेरी शब्द त्यांनी मला अठरा वर्षांत प्रथमच वापरला. मी कात्री घेतली.

मग त्यांनी कारण सांगितले. विलायती जहाजाची शिडे आडव्या काठीवर असतात, ती गुंडाळायला माणसांना वर चढावे लागते, म्हणून शिड्या. आपल्या गलबताचे शीड तिकोनी. ते एका लांबलचक तिरप्या काठीला बांधलेले असते. तिला परबाण म्हणतात. शीड उतरवायचे तर परबाणच खाली घ्यायचे. वर चढायचे काम क्वचित. शिवाय वारा बदलला की ते अख्खे परबाण डोलकाठीच्या पुढून फिरवून दुसऱ्या बाजूला न्यावे लागते. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी कायमचे दोर आवळून ठेवले तर परबाण फिरणार कसे? म्हणून बाजूचे आधाराचे दोर सोडता-बांधता येतील असे हवेत, आणि ते वाऱ्याच्या बाजूला लावायचे. परबाण वर ओढायचा जाड दोर डोलकाठीच्या माथ्यावरून मागे उतरतो. तो शीडही धरतो आणि काठीला मागून टेकूही देतो. एक दोर दोन कामे करतो.

मी वहीत लिहून घेत होतो. आबा म्हणाले, "लिहून काय होणार? हात लावा."

परंतु आम्हा मास्तरांना लिहिल्यावाचून आणि वाचल्यावाचून चैन पडत नाही. मी पुस्तके शोधू लागलो. आंग्र्यांच्या आरमारातली गलबते आणि गुराबा कशा होत्या, याची सर्वांत चांगली वर्णने सापडतात ती रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराच्या ग्रंथात. त्याचा पहिला खंड १७६३ सालचा. तो सांगतो, दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत. नाळ पुढे लांब आलेली, आणि तिच्यावरून थेट समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत त्याहून लहान, सहसा ७० टनांच्या आत. दोन डोलकाठ्या, त्यांतली मागची अगदी बारीक. मोठ्या काठीवर एकच भले मोठे तिकोनी शीड, आणि ते उभारले म्हणजे त्याचे टोक डोलकाठीच्याही वर जाते. ४० ते ५० वल्ही, ताशी चार मैल वेग. लहान गलबतांचा वरचा तक्ता वजन कमी व्हावे म्हणून फोडलेल्या बांबूचा.

मी हे वाचून दाखवले, तेव्हा आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "टोक काठीच्या वर जाते, हे बरोबर लिहिले आहे. या माणसाने पाहिले होते." आणि चिरंजिवांना हुकूम सुटला, "बांबू फोड." सातपुड्यातला बांबू आमच्या आठवड्याच्या बाजारात मिळतो. आमच्या गलबताचा वरचा तक्ता त्याच्याच चिव्यांचा आहे.

पण ऑर्मसाहेबही दोऱ्यांबद्दल एक अक्षर लिहीत नाही. कोणता दोर कुठून निघतो, कुठे अडकतो, किती जाड, हे काही नाही. आणि ताडून पाहावे म्हटले तर एकही गलबत शिल्लक नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गावर इंग्रजांचे आरमार चालून आले. वॉटसन आरमाराचा प्रमुख, क्लाइव्ह बरोबर, आणि तुळाजी आंग्र्यांवर रुष्ट झालेले नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूला. एक तोफगोळा आंग्र्यांच्या जहाजावर पडून आग लागली. जहाजे जवळजवळ नांगरलेली, एकाची आग दुसऱ्याला लागत गेली आणि एवढे आरमार खाडीच्या तोंडाशी जळून गेले. आबांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर हे घडले. वाघोटन खाडीत मराठ्यांनी खडकात खोदलेली गोदी आहे, तिथे आबा लहानपणी खेकडे धरायला जात. म्हणजे गोदी उरली आणि तिच्यात उभी राहणारी जहाजे गेली.

पुढे माझ्या ध्यानात आले की जहाज वाचले तरी दोर वाचत नाहीत. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी मलबारी सागात बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलच्या बंदरात तरंगते आहे. साग दोनशे वर्षे टिकला. दोर मात्र उन्हाने, मिठाने आणि ओढाताणीने झिजतात, आणि झिजला की खलाशी तो फेकून नवा घालतो. दोर कसा बांधायचा याचे ज्ञान लाकडात राहत नाही, कागदावरही फारसे राहत नाही. ते हातात राहते. मला वाटते, त्या दिवसापासून मी आबांच्या हातांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

मग दोर वळण्याचा उद्योग सुरू झाला. आमचे गलबत पन्नासास एक या प्रमाणाचे. म्हणजे इंचभर जाडीचा दोर अर्धा मिलिमीटर झाला पाहिजे. शिवणाचा सुती दोरा घेतला तर त्यावर लव दिसते आणि या प्रमाणात ती लव काथ्याच्या झुपक्याएवढी वाटते. त्यावर उपाय मेणाचा. दोरा मेणावरून ओढला की लव बसते. रंगासाठी मी दोरा चहाच्या पाण्यात भिजत घातला. सौ.ने पाहुण्यांसाठी ठेवलेला चहा त्यात संपला आणि त्या दिवशी आम्हा दोघांनाही चहा मिळाला नाही. पण रंग जुळला तरी आबांचे बोट जुळेना. "हा कापूस आहे," ते म्हणत, "दोर नाही. दोराला जीव असतो."

त्यांचे बालपण काथ्याच्या दोरांत गेलेले आणि नोकरी मनिला दोरांत. मनिला म्हणजे जहाजांचा राजा-दोर, असे ते सांगत. खाऱ्या पाण्याला दाद देत नाही, हाताला गुळगुळीत, ओढीला घट्ट. एकदा बोलता बोलता मी आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारले, हे मनिला कशापासून होते हो? ते हसून म्हणाले, "सर, रावेरात राहून विचारता? फिलिपाईन्समध्ये अबाका नावाची केळ होते. आपल्या केळीची बहीण. तिचे फळ कोणी खात नाही, खांबाचे तंतू काढून दोर वळतात. तोच मनिला."

मी धावतच घरी आलो. आबांना सांगितले. ज्या माणसाने चाळीस वर्षे केळीच्या बहिणीचा दोर ओढला, तो चार महिने केळीच्या मुलखात बसून इथे आपल्या ओळखीचे काहीच नाही म्हणून झुरत होता! आबा उठले आणि चप्पल शोधू लागले. "बागेत चला," म्हणाले.

केळीचा घड कापला की खांब टाकून देतात. अशा एका पडलेल्या खांबाचा सोप आम्ही आणला. आबांनी तो पाटावर ठेवून बोथट सुरीने खरवडला. पाणी आणि गर निघून गेला आणि खाली रेशमासारखे पांढरे तंतू उरले. सावलीत वाळवले, वळताना पुन्हा ओलसर केले, कारण फार वाळले की ते तुटतात. मग पीळ. तंतू एका दिशेने पिळायचे आणि तयार झालेले पेड एकमेकांभोवती उलट दिशेने. दोन पीळ एकमेकांना अडवून धरतात, म्हणून दोर आपोआप उकलत नाही. इतकी साधी गोष्ट, पण मला ती बेचाळिसाव्या वर्षी कळली. चिरंजीव एक टोक धरून ओट्याच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मधे आबा बोटांनी पीळ तपासताहेत, असा देखावा शेजाऱ्यांनी फाल्गुनभर पाहिला. चिरंजिवांचा मोबाईल त्या वेळी खिशात असे, हे सौ.च्या म्हणण्याप्रमाणे या गलबताचे पहिले पुण्य.

दोर झाले, पण बांधायचे कसे? कारण आबांनी दुसरा प्रश्न काढला, "वारा कुठून आहे?"

मी म्हणालो, "आबा, हे कपाटावर राहणार. वारा पंख्याचा."

पण ते खरेच होते. शीड कोणत्या बाजूला फुगले, आधाराचा दोर कोणत्या बाजूला ताणला, परबाण कुठे कलले, हे सगळे वाऱ्यावर ठरते. वारा ठरवल्याशिवाय एक दोरी बांधता येत नाही. वीस वर्षे मी वर्गात इतकी शिडे उभारली, पण एकाही वर्गाला वारा कुठून आहे हे सांगितले नव्हते.

त्याच सुमारास आम्ही अजिंठ्याला गेलो. रावेरहून सकाळी निघाले की दुपारच्या आत पोचता येते. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पूर्ण नावाच्या शूर्पारकच्या व्यापाऱ्याची कथा रंगवली आहे. शूर्पारक म्हणजे आपले नालासोपारे. हा पूर्ण पुढे भिक्षू झाला. त्याचा भाऊ चंदनासाठी समुद्रावर गेला असता वादळात सापडला आणि पूर्णाने त्याला वाचवले. त्या चित्रात एक जहाज आहे. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या पोटात, दीड हजार वर्षांपूर्वी कोणी तरी जहाज काढून ठेवले आहे! लेण्यातल्या मंद उजेडात आबांना काही दिसेना. ते माझा दंड धरून उभे राहिले आणि म्हणाले, "सांगा."

मी सांगू लागलो. तीन डोलकाठ्या आहेत. तीन उंच, लांबट शिडे. मागच्या बाजूला सुकाणूची वल्ही. रांजण मांडलेले. नाळेवर डोळा काढलेला. आबा मान डोलवत होते. मग त्यांनी विचारले, "वारा कुठून?" मी चित्राकडे पाहिले, पुन्हा पाहिले आणि गप्प राहिलो. मला ते वाचता आले नाही. मराठीचा एम. ए. झालेला माणूस, समोरचे चित्र आंधळ्याला सांगू शकला नाही. आबांनी दंडावरचा हात काढला नाही. म्हणाले, "राहू दे. डोळा काढला आहे ना? मग त्याला वाट दिसते."

परत येताना चिरंजिवांनी आजोबांना सांगितले की याच चित्रावरून गोव्यात खरे जहाज बांधले गेले आहे. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या खिळ्यांनी न जोडता काथ्याच्या दोराने शिवल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पाण्यात उतरले, २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झाले आणि 'कौंडिण्य' हे नाव त्याला मिळाले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून निघून ते जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचलेही. जुना नकाशा हाती नाही, आराखडा नाही, एका भिंतीवरच्या चित्रावरून हे सारे. आबांनी सगळे ऐकून एवढेच विचारले, "दोऱ्या कोणी बांधल्या?" आणि मग स्वतःच म्हणाले, "कोणाच्या तरी हातात असणार अजून."

आमच्या गलबताला आम्ही नैऋत्येचा वारा दिला. पावसाळा संपताना विजयदुर्गच्या खाडीबाहेर असतो तसा, असे आबा म्हणाले. वारा ठरला आणि काम भराभर पुढे गेले. खऱ्या गाठी इतक्या लहान प्रमाणात बोजड दिसतात, म्हणून बारीक वेढे घेऊन डिंकाचा थेंब लावायचा, ही युक्ती मी काढली आणि आबांनी नाक मुरडून मान्य केली. शेवटी शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्याची दोरी राहिली. मी ती ओढून कडेच्या खुंटीला पक्की बांधली आणि दोन वेढे जास्त घेतले.

आबांनी चाचपले आणि ते हसले. "ही दामण," ते म्हणाले. "ही बांधायची नाही. दामण माणसाच्या हातात असते. वाऱ्याची झडप आली की सोडायची, गेली की ओढायची. बांधून ठेवली आणि झडप आली, तर गलबत कलंडते. माझ्या बापाने दामण बांधणाऱ्या खलाशाला एकदा मुस्काटात दिली होती."

मी दोरी सोडली. गलबतावर माणूस नाही, म्हणून दामण तशीच तक्त्यावर पडून राहिली.

चैत्रात आबा डोळ्याच्या शस्त्रक्रियेला तयार झाले. इतके दिवस 'फुकटचा खर्च' म्हणून टाळत होते. जळगावला एका डोळ्याचे काम झाले. पट्टी निघाल्यावर घरी आले, ते आधी कपाटाशी गेले. गलबत उजेडात नेऊन बराच वेळ पाहिले. मी परीक्षेचा निकाल ऐकायला उभा राहावे तसा उभा होतो.

"चौदा चुका आहेत," ते म्हणाले.

मी म्हणालो, "सांगा, दुरुस्त करतो."

"असू देत. बुडणार नाही."

त्या दिवसांत आम्ही दोघे संध्याकाळी फिरायला जात होतो. एकदा तापीवर गेलो. उन्हाळ्याची नदी, पाणी कमी, वाळू फार. आबांनी विचारले, "ही कुठे जाते?" मी म्हणालो, "सुरतेला. तिथे समुद्राला मिळते." ते थबकले. सुरत त्यांच्या ओळखीची. त्यांच्या वडिलांचा मचवा तिकडे जात असे. त्यांनी चप्पल काढली, पाण्यात पाय घातले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. अठरा वर्षे जपून ठेवलेले ते 'पाण्यावाचूनचा मुलूख' हे वाक्य मी त्या संध्याकाळी मनातून काढून टाकले. त्यांना त्याची आठवण होती की नाही कोण जाणे.

आषाढात आबांनी पुन्हा ट्रंक भरली. "नारळी पौर्णिमेच्या आधी पोचायला हवे," म्हणाले. "यंदा समुद्राला नारळ मीच वाहीन. आता दिसते आहे."

या वेळी मी भांडलो. मनापासून भांडलो. म्हटले, तिथे एकट्याने काय करणार? एक डोळा अजून राहिला आहे. पाय घसरला तर कोण आहे? इथे नातू आहे, मुलगी आहे. दुसरे गलबत सुरू करू, गुराब करू, तीन डोलकाठ्यांची. मी त्यांची ट्रंक उचलून माळ्यावर ठेवली. वर्गात चढतो तसा माझा आवाज चढला असावा, कारण सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली.

आबा शांत होते. त्यांनी कपाटाकडे बोट केले आणि म्हणाले, "जावयबापू, दामण."

त्यावर मला उत्तर सुचले नाही. मी ट्रंक खाली काढली. तिकीट मीच काढले. माघात जे मोठ्या उत्साहाने शोधले होते, ते आषाढात काढताना हाताला जड गेले. चिरंजीव पोचवायला बरोबर गेले आणि आठवडाभर राहून आले. येताना त्यांना तीन गाठी येत होत्या.

आता रोज रात्री फोन येतो. आमचे हवापाण्यावर बोलणे होते, पण आता त्याला पंधरा मिनिटे लागतात. दुसऱ्या डोळ्यासाठी आबा दिवाळीत येणार आहेत. येताना काथ्या घेऊन येतो, म्हणालेत. गुराबेच्या सागाचा ओंडका मी आणून ठेवला आहे.

आणि ती सुटलेली दोरी? आमच्याकडे केर काढायला येणाऱ्या बाई नीटनेटक्या आहेत. दर शनिवारी कपाट पुसताना त्या ती दोरी खुंटीला घट्ट बांधून ठेवतात. दर रविवारी सकाळी चहा झाल्यावर मी ती सोडतो.